फोन लागेल, पण फौजी तो लावील का?

नोव्हेंबर लागला की चामोर्शीच्या बँकांसमोर पेन्शनवाल्यांची गर्दी होते. इकडे बांधीतला धान कापणीला आलेला असतो, मजूर मिळता मिळत नाही, तरी माणसे अर्धा दिवस मोडून येतात. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन अडकते. रांगेत निवृत्त गुरुजी असतात, ग्रामसेवक असतात, विधवा बाया असतात. एखाददुसरा फौजीही असतो. तो ताठ उभा राहतो, कुणाशी फारसे बोलत नाही, नंबर आला की मशीनवर बोट टेकवतो आणि एसटी धरतो. सरकारने वर्षातून एकदा त्याला विचारले, जिवंत आहेस ना? त्याने सांगितले, आहे. काम संपले. कसा जगतो आहेस, रात्री झोप लागते का, घरच्यांशी बोलतोस का, यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

वाचकहो, धान, तेंदू आणि वाघाच्या बातम्यांच्या या पानावर हा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. माजी सैनिकांनी जीव देऊ नये म्हणून फोनवरून, मोबाईलवरून मदत देण्याचे प्रयोग आता जगभर चालू आहेत. आपल्या देशातही सुरू झाले आहेत. मदत पुण्याहून किंवा बंगळुरूहून निघते आणि ती पोचायची असते आष्टी, घोट, भेंडाळ्याकडच्या एखाद्या घरात. ती पोचते की नाही, हे तपासण्याचे काम पुण्यात बसून होणार नाही. ते इथेच व्हायला पाहिजे.

आधी सोय काय आहे ते पाहू. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेलिमानस ही फोनसेवा सुरू केली. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या दवाखान्याची वाट सांगतो. बंगळुरूची निमहान्स ही संस्था या कामाची सूत्रे सांभाळते. ऑक्टोबर २०२४ पर्यंत देशभरातून १४ लाखांहून अधिक फोन आले. त्याच महिन्यात मोबाईलवरचे ॲपही निघाले.

सेनादलांसाठी याच सेवेची वेगळी शाखा १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडली. सेनेतील माणसे आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या अडचणी समजणारे लोक फोनवर असावेत, हा हेतू. जून २०२४ मध्ये आरोग्य आणि संरक्षण या दोन मंत्रालयांनी त्यासाठी करार केला आणि दोन वर्षांचा प्रयोग म्हणून ती चालवायचे ठरवले. शब्द लक्षात घ्या, प्रयोग. प्रयोग म्हटला की त्याची परीक्षा आली. उद्घाटन झाले, फीत कापली, इतके फोन आले, एवढ्यावर प्रयोग यशस्वी ठरत नाही. फोन आले ते कुणाचे, आणि ज्यांनी करायला पाहिजे होता त्यांनी केला का, हा खरा प्रश्न.

आता आपल्या भागातला फौजी कोण, ते बघू. सातारा-कोल्हापूरकडे गावेच्या गावे फौजेत जातात. तिथे पारावर बसले तर चार माजी सुभेदार भेटतात, एकमेकांच्या पलटणी ओळखतात. आपल्याकडे तसे नाही. महार रेजिमेंटमध्ये गेलेले आहेत, तोफखान्यात आहेत, पण गावात एक, फार तर दोन. बारावीनंतर गेलेला पोरगा पंधरा-सतरा वर्षे काश्मीर, आसाम, राजस्थान करून चाळिशीच्या आत परत येतो. पोरे लहान, आईबाप म्हातारे. ज्या भाषेत तो पंधरा वर्षे हसला, चिडला, ती भाषा समजणारा गावात दुसरा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, त्यामुळे लोकांना त्याच्या कॅन्टीनची आठवण आधी होते, त्याची नंतर. मग भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात, कोळसा खाणीवर, बँकेत, नाहीतर कोनसरीकडच्या कारखान्याच्या फाटकावर तो पहारेकरी म्हणून लागतो. पुन्हा गणवेश, पण आता सलाम त्याने ठोकायचा.

दुसरे आपले फौजी सरकारी व्याख्येत बसत नाहीत. गाव ज्यांना फौजी म्हणते त्यात सीआरपीएफचे जवान आले, आणि आपल्याच पोरांतून भरलेले जिल्हा पोलिसांचे सी-६० कमांडोही आले. १९९० साली हे पथक उभे राहिले. त्यातली पहिली फळी आता निवृत्त होऊन याच तालुक्यांत राहते. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. गेलेल्यांची नावे स्मारकावर आहेत. त्यांच्यासोबत त्या काळात रानात चाललेले, कुणाला खांद्यावर उचलून आणलेले, आपली सुट्टी होती म्हणून वाचलेले, ते कुठल्या यादीत आहेत? माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस ही दवाखान्याची योजना आहे. ती सीआरपीएफच्या निवृत्तांना लागू नाही, पोलिसांना तर नाहीच. जंगलातली लढाई एकच, पण निवृत्तीनंतर दारे वेगवेगळी.

आणखी एक फळी लवकरच येणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. शंभरातले पंचवीस कायम, बाकी घरी. हातात सेवानिधीचे अकरा-बारा लाख, पण योजना निघाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वय विशीतले. हयातीच्या दाखल्याच्या रांगेतसुद्धा ही पोरे दिसणार नाहीत.

किती माजी सैनिक दरवर्षी आत्महत्या करतात? याचे उत्तर आपल्या देशात आकड्यात मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल काढतो. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी जीव दिला, त्यात महाराष्ट्राचे २२ हजार ७४६, सर्व राज्यांत जास्त. धंद्यानुसार रकाने आहेत: शेतकरी, रोजमजूर, विद्यार्थी, गृहिणी. 'निवृत्त' असाही एक आहे. त्यात निवृत्त कारकून आणि निवृत्त हवालदार एकाच ओळीत. आणि शेती करणारा फौजी गेला तर तो शेतकऱ्यांच्या रकान्यात. सेवेत असलेल्यांचे आकडे तरी संसदेत येतात. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील ६५४ जवानांनी आत्महत्या केल्याचे गृहखात्याने राज्यसभेत सांगितले होते. पण त्याच जवानाने गणवेश उतरवला की तो मोजणीतूनही उतरतो. जे मोजलेच जात नाही ते कमी झाले की वाढले, हे कोण सांगणार?

अमेरिका मोजते, म्हणून तिचा दाखला घ्यावा लागतो. तिथले माजी सैनिक खाते दरवर्षी अहवाल काढते. २०२२ साली त्यांच्याकडे ६ हजार ४०७ माजी सैनिकांनी जीव दिला, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. त्यांनी २००७ पासून खास फोनसेवा चालवली आहे, पुढे लिहून बोलण्याची सोयही जोडली. एवढा पैसा, एवढी यंत्रणा, तरी २०१६ साली त्यांच्याच तपासणी अधिकाऱ्यांनी उघड केले की मुख्य केंद्र व्यस्त असताना दुसरीकडे वळवलेले काही फोन माणसाने न उचलता यंत्राने निरोप नोंदवण्यावर गेले होते. जीव टांगणीला लागलेला माणूस आणि समोर 'निरोप ठेवा'. पण तपासणी केली, ती छापली, म्हणून दोष कळला. आपण काय घ्यायचे तर हे आधी घ्यायचे.

मोबाईलच्या ॲपचीही त्यांनी नीट परीक्षा घेतली. एक ॲप असे की त्यात माणसाने आपल्या पोराबाळांचे फोटो, आवडीची गाणी, मन शांत करण्याचे उपाय साठवून ठेवायचे आणि वाईट वेळी उघडायचे. ११८ माजी सैनिकांवर केलेली त्याची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ॲप वापरणाऱ्यांना वाईट भावना पेलण्याचा भरवसा वाढला, हे खरे. पण आत्महत्येच्या विचारांची तीव्रता इतरांपेक्षा कमी झाली नाही.

दुसरा प्रयोग साधा वाटेल असा. सेवेतील सुमारे साडेसहाशे सैनिक, सगळे आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेले. सगळ्यांना नेहमीचा उपचार चालू ठेवला. त्यातल्या निम्म्यांना शिवाय वर्षभरात मोबाईलवर अकरा निरोप गेले. पहिल्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्या-दोन महिन्यांनी, आणि एक वाढदिवसाला. निरोपात उपदेश नाही, औषध नाही. आठवण आली, बरे असाल अशी आशा आहे, एवढेच. उत्तर आले तर पलीकडे खरा माणूस वाचायला होता. निकाल २०१९ साली छापून आला. ज्या दोन मुख्य कसोट्या ठरवल्या होत्या त्यांत फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे लिहिले. पण वर्षभरात जीव देण्याचा प्रयत्न करणारे, निरोप न मिळालेल्यांत शंभरात पंधरा होते. निरोप मिळालेल्यांत नऊ. एवढ्यावरून हुरळून जाऊ नये. पण दिशा कळते.

या कल्पनेचे मूळ आणखी जुने आहे. जेरोम मोटो नावाचे अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात युरोपात होते. तिथे त्यांना एका ओळखीच्या मुलीची पत्रे नियमित येत आणि त्यांचा फार आधार वाटे. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी तेच करून पाहिले. दवाखान्यातून सुटल्यावर पुढचा उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे दोन भाग केले; एका भागाला पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली, दुसऱ्याला नाही. पत्रे मिळणाऱ्यांत पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. वाचकहो, ज्याच्या घरून पोरगा सीमेवर होता, त्याला यात नवल वाटणार नाही. ५६ एपीओ असा पत्ता घातलेले निळे अंतर्देशीय पत्र पलटणीत पोचायचे, तेव्हा जवान ते चारदा वाचायचा. निवृत्त झाल्यावर त्याला कुणी पत्र लिहीत नाही.

म्हणजे मुद्दा असा. नंबर देणे म्हणजे 'तू बोलाव, मी येतो' असे म्हणणे. निरोप पाठवणे म्हणजे आपणहून दारात जाणे. फौजीच्या बाबतीत पहिल्या तऱ्हेची मदत अर्धवट राहते, कारण मदत मागू नये हेच त्याला पंधरा वर्षे शिकवलेले असते. आजारी पडला तरी परेडला उभा राहणारा माणूस रात्री दोन वाजता अनोळखी नंबर फिरवून 'मला जगावेसे वाटत नाही' असे म्हणेल? काही म्हणतील, आणि त्यांच्यासाठी १४४१६ अमोलच आहे. पण बाकीचे 'काय हाल आहे' विचारले की 'बरं हाय' म्हणतात आणि शेताकडे निघून जातात.

अमेरिकेतले चालते, आपल्याकडे कसे चालेल, अशी शंका रास्त आहे. तर विदर्भातलेच उदाहरण देतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवायचे, मन उदास असलेल्यांशी बोलायचे, लागले तर समुपदेशक, त्यावर लागले तर डॉक्टर. दीड वर्षानंतरची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असे सांगणारे शंभरात पाचावरून अडीचवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमालाच, असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण जी माणसे दवाखान्याकडे वळतच नव्हती ती वळली, हे दिसते. आणि ती फलक वाचून वळली नाहीत, कुणीतरी घरी आले म्हणून वळली.

आपल्याकडे घरी जाणारी माणसे आहेत का? आहेत. आशाताई जाते. पोस्टमन जातो. २०२० पासून तर पोस्टाची बँक हयातीचा दाखलासुद्धा दारात येऊन करून देते. म्हणजे वर्षातून एकदा सरकारचा माणूस यंत्र घेऊन फौजीच्या ओसरीवर बसतोच. त्याने बोट टेकवून घेतल्यावर दोन मिनिटे जास्त बसावे, हे फार मोठे मागणे आहे काय? पोस्टमनने डॉक्टर व्हायचे नाही. 'झोप लागते का, जेवण जाते का, कुणाशी बोलता का' एवढे विचारावे, नंबरचा कागद द्यावा, आणि माणूस खचलेला दिसला तर त्याला विचारून, त्याच्या संमतीने, सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची यादी असते. त्या यादीवरून मुलीच्या लग्नाची मदत, मुलांची शिष्यवृत्ती दिली जाते, ते चांगलेच. त्याच यादीवरून दर दोन महिन्यांनी एका जुन्या सुभेदाराने दुसऱ्याला फोन करावा, याला ना निधी लागतो ना शासन निर्णय. पोलिसांसाठी हेच काम जिल्हा पोलीस कल्याण शाखेला करता येईल. निवृत्त कमांडोला निवृत्त कमांडोचाच फोन गेला पाहिजे, साहेबाचा नको.

आता फोनसेवेच्या परीक्षेबद्दल. दोन वर्षांच्या पुण्याच्या प्रयोगाचा हिशेब मांडताना एकूण फोनांचा आकडा खाली ठेवावा, वर इतर गोष्टी याव्यात. किती फोन निवृत्तांचे होते? जिल्हावार किती, गडचिरोलीतून किती? रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत उचलायला किती वेळ लागला? ज्याने एकदा फोन केला त्याला आठ दिवसांनी उलटा फोन गेला का? ज्याला दवाखान्यात जा म्हटले तो गेला का, की एसटी नव्हती म्हणून राहिला? आपल्या तालुक्यापुरते आणखी प्रश्न आहेत. मुलचेऱ्याकडच्या आणि आपल्याकडच्या बंगाली वस्त्यांतल्या माणसाला ही सेवा बंगालीत मिळू शकते, हे त्याला कुणी सांगितले आहे का? माडियात विचार करणाऱ्या निवृत्त कमांडोला मनातले दुःख मराठीत सांगावे लागेल, त्याचे काय? एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढावे लागते. मनातली गोष्ट माणूस टेकडीवर चार लोकांत उभा राहून सांगेल काय? व्हिडिओवरून डॉक्टर दाखवण्याच्या गोष्टी तिथे फार लांबच्या वाटतात.

आणि फोनवरून पुढचा रस्ता दाखवला तर तो कुठे जातो? चामोर्शीहून नागपूरचे मनोरुग्णालय दोनशे किलोमीटरच्या आसपास. जिल्हा रुग्णालय त्या मानाने जवळ, तासाभराची वाट. दारूचा प्रश्न असेल तर २०१६ पासून मुक्तिपथ अभियान तालुक्याच्या ठिकाणी व्यसन सोडवण्याची क्लिनिक चालवत आले आहे. फौजीचे दुखणे अनेकदा बाटलीच्या आड लपलेले असते, तेव्हा तिथे बसणाऱ्या माणसालाही हे प्रश्न विचारता आले पाहिजेत. फोनवरच्या समुपदेशकाच्या यादीत ही स्थानिक दारे नसतील, तर तो फार तर जिल्ह्याच्या दवाखान्याचे नाव सांगेल आणि फोन ठेवेल.

एक भीती मात्र काढून टाकली पाहिजे. जीव देण्याचा प्रयत्न केला असे कळले तर पोलीस केस होते, पेन्शन जाते, पोराची भरती अडते, अशी बोलवा खेड्यात आहे. त्यापायी घरचे लोक दवाखान्यातसुद्धा खोटे सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरायचे ठरवले; त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणे सरकारवर बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी तसा प्रयत्न केला तरच गुन्हा. डॉक्टरला खरे सांगा, त्याने पेन्शनीला धक्का लागत नाही.

दुसरी भीती अशी की विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. तसे होत नाही. सरळ विचारण्याने धोका वाढत नाही असेच आजवरच्या पाहण्यांतून दिसले आहे. बऱ्याचदा माणूस हलका होतो. तेव्हा घरातला, शेजारचा फौजी एकाएकी वस्तू वाटू लागला, उधाऱ्या चुकत्या करू लागला, पिणे वाढले, झोपेतून ओरडत उठू लागला, 'माझ्यावाचून तुमचे बरे चालेल' असे बोलू लागला, तर 'टेन्शन घेऊ नका' म्हणून विषय बंद करू नका. 'दादा, जीव नकोसा वाटतो का?' असे त्याच्या शेजारी बसून विचारा. हो म्हणाला तर भाषण देऊ नका, देवाधर्माच्या शपथा घालू नका. ऐका. त्या रात्री एकटे सोडू नका, आणि घरातली धोक्याची कुठलीही वस्तू काही दिवस भावाच्या, मित्राच्या ताब्यात द्या. सकाळी दवाखान्यात सोबत जा.

आणि त्याने नंबर फिरवण्याची वाट बघू नका. १४४१६ तुम्ही लावा, मराठी निवडा, पहिले वाक्य तुम्ही बोला: आमच्याकडे एक माजी सैनिक आहेत, त्यांना बोलायचे आहे. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि ओसरीवरच, आवाज येईल इतक्या अंतरावर, बसून राहा.